प्रोजेक्टरवर व्हर्च्युअल मशीन दाखवताय? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नव्या लॅपटॉपवर जुनं विंडोज चालवणारे बरेच आहेत. कारखान्यातल्या मशीनचा प्रोग्रॅम विंडोज ७ सोडून कुठं चालत नाही, लॅपटॉप मात्र विंडोज १० नाहीतर ११ चा. मग व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर टाकायचं, त्यात जुनं विंडोज बसवायचं, काम चालू. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पाहुणे हॉलमध्ये येऊन बसल्यावर एचडीएमआय केबल शोधणाऱ्यांबद्दल. मीटिंग हॉलची वायरिंग आणि प्रोजेक्टर बघणं हे माझं काम, त्यामुळं फोन मलाच येतो. आणि दर वेळी तेच.

पहिली चूक, आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारी: व्हीएम फुल स्क्रीन असताना विंडोज-पी (विंडोजचं बटण धरून पी, प्रोजेक्टरवर काय दाखवायचं त्याचा मेन्यू) दाबणं.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत बाहेरगावचे ग्राहक आले होते. तिथला पोरगा हुशार, पण घाईचा. मी पोचलो तेव्हा केबल दोनदा बदलून झाली होती, प्रोजेक्टर बंद-चालू करून झाला होता, आणि ‘तुमचा प्रोजेक्टरच गेलाय’ हे मला दारातच ऐकवलं गेलं. भिंतीवर नुसता निळा पडदा. ‘दाबून दाखव’ म्हटलं. त्यानं विंडोज-पी दाबलं, डुप्लिकेट (लॅपटॉपचंच चित्र भिंतीवर) निवडलं, काही नाही. पण मला हवं ते दिसलं होतं. चार चित्रांची आडवी पट्टी स्क्रीनच्या मधोमध आली होती. ती विंडोज ७ ची पट्टी. विंडोज १० मध्ये हाच मेन्यू उजव्या कडेला उभा येतो. म्हणजे बटणं जात होती आतल्या मशीनला, आणि त्या बिचाऱ्याला प्रोजेक्टर जोडलाय हेच माहीत नाही. त्याला दिसतो तो व्हर्च्युअलबॉक्सनं दिलेला एकच खोटा मॉनिटर. तिथं डुप्लिकेट करणार तरी कशाचं?

उजवं कंट्रोल धरून एफ दाबलं, फुल स्क्रीन गेली, खालच्या बाहेरच्या टास्कबारवर एक क्लिक केलं, मग विंडोज-पी. भिंतीवर चित्र आलं. त्या पोराचं बोट तोवर पॉवर बटणावर गेलेलं होतं, ते आधी उचलायला लावलं. चालत्या व्हीएमसकट लॅपटॉप असा बंद केला तर आतली फाइल सिस्टीम बिघडू शकते, आणि मग प्रोजेक्टर ठीक असून दाखवायला काही उरत नाही.

उजवं कंट्रोल ही व्हर्च्युअलबॉक्सची ठरलेली होस्ट की, म्हणजे आतल्या मशीनला न जाता व्हर्च्युअलबॉक्सला जाणारं बटण. ती बदलता येते, म्हणून विंडोच्या खाली उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते घरीच बघून या. व्हीएमवेअर असेल तर कंट्रोल-आल्ट दाबून सुटका होते.

दुसरी माझी आवडती चूक क्रमाची. आधी व्हीएम चालू, त्यात सॉफ्टवेअर उघडून सगळं मांडून ठेवलं, आणि मग केबल खोचली. लॅपटॉप १९२० बाय १०८०, हॉलमधला जुना प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८. डुप्लिकेट केलं की दोघांना जमेल असं रिझोल्यूशन लागतं. गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजमध्ये टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर आतलं विंडोजही त्यामागं आकार बदलतं आणि जुन्या सॉफ्टवेअरचं ‘ओके’ बटण स्क्रीनच्या खाली गडप होतं. टाकलेलं नसेल तर आतली स्क्रीन आहे तशीच राहते, मग कडेला स्क्रोलबार नाहीतर मधे टिकलीएवढं चित्र. पाहुणे माना तिरक्या करून बघतात.

माझी सवय ठरलेली आहे. केबल, विंडोज-पी, बाहेरचं रिझोल्यूशन डोळ्यांनी बघणं, आणि त्यानंतरच व्हीएमचं स्टार्ट. फुल स्क्रीन सगळ्यात शेवटी. गेस्ट ॲडिशन्स बसतच नसेल तर होस्ट कीसोबत सी दाबा, चित्र विंडोच्या मापात ताणलं जातं. अक्षरं थोडी फुगीर दिसतात, पण बटण तरी दिसतं. ‘एवढा वेळ कुठाय’ म्हणणाऱ्यांना हा क्रम दोन मिनिटांत होतो हे कितीही सांगा, पटत नाही.

बाकीच्या चुका किरकोळ, पण होतात.

प्रोजेक्टरला व्हीजीएच आहे म्हणून बाजारातून नुसती एचडीएमआय-व्हीजीए केबल आणू नका. एक डिजिटल, एक ॲनालॉग. मधे सर्किट असलेला कन्व्हर्टरच लागतो.

टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणजे त्यातून चित्र येईलच असं नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा.

लॅपटॉपचं स्लीप बंद केलं तरी आतल्या मशीनचं वेगळं असतं. उबंटू आत असेल तर पाच मिनिटं हात लावला नाही की ते स्वतःची स्क्रीन काळी करतं, आणि दोष प्रोजेक्टरला.

८ जीबी रॅममधली ६ व्हीएमला देऊ नका, बाहेरचं विंडोज रडायला लागतं.

चार्जर लावा.

वायफायवरून कास्ट करणं मला विचारू नका. फोटो दाखवायला ठीक आहे, पण व्हीएममध्ये माउस हलवला आणि भिंतीवर तो मागून आला की समजावणाऱ्याचीच लय जाते. हॉलच्या बॅगेत माझी दहा मीटरची केबल असते, ती मागून घ्या, आणि टेबलाखालून नेताना चिकटपट्टी मारा.