चूल घ्यायचीय, पण घरातून नकार? या चुका टाळा

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दापोलीकडच्या आमच्या वाडीत त्यानंतर कितीतरी दिवस वीज नव्हती आणि सिलिंडरच्या गाडीचाही पत्ता नव्हता. मागीलदारी मात्र पडलेल्या आंब्याच्या लाकडांचा ढीग. तेव्हाच ठरवलं, घरात एक चांगली चूल हवी. बायको म्हणाली, "हौस तुमची ना, मग फुंकायचंही तुम्हीच."

न विचारता आणणं

मी तिचा नकार हट्ट समजलो आणि एका प्रदर्शनातून पत्र्याची रॉकेट चूल उचलून आणली. खाली आडवं तोंड, वर उभी नळी, जाळ सरळ भांड्याच्या बुडाला. धूर खरंच कमी, लाकूडही कमी. पाणी भराभर उकळलं, मी खूश. मग तिने तांदळाची भाकरी टाकली. तव्यावर दोन्ही बाजू झाल्या आणि भाकरी हातात धरून ती थांबली. "आता ही शेकू कुठे?"

नेहमीच्या चुलीत निखारे तोंडाशी ओढायचे, त्यांच्यासमोर भाकरी तिरकी उभी करायची, मग ती टम्म फुगते. या चुलीचं तोंड टीचभर, निखारे ओढायला जागाच नाही. वैल, म्हणजे मागचं जोडतोंड, तेही नाही, म्हणजे आमटी गरम राहायची सोय गेली.

तेव्हा दुकानदाराच्या आधी रांधणारीला विचारा: काय शिजवायचं, किती जणांचं, बसून की उभ्याने? पेजेचा मोठा टोप आणि बिडाचा तवा चुलीवर ठेवून बघा. टोप डगमगला तर ती चूल कितीही कमी लाकूड खात असो, नको. आमची रॉकेट चूल आता न्हाणीपाशी पाणी तापवते. मागच्या पडवीत ओटा घालून विटामातीची, वैल आणि धुराडं असलेली चूल केली. रोजचा चहा गॅसवरच, ही अट तिची. रास्तच आहे.

धुराडं बसवून विसरणं

तिची खरी धास्ती धुराची. माहेरी निर्धूर चूल होती, 1983 पासून सरकारी कार्यक्रमातून देशभर बसवल्या तशी. नळी घरात कुणी कधी साफ केली नाही. काजळीने ती तुंबली, धूर सगळा घरात, शेवटी सासूबाईंनी चूल फोडूनच टाकली.

म्हणून धुराड्याला खाली काजळी काढायचं झाकण हवंच. पावसाळ्यात महिन्याला एकदा साफ करा. नळी होता होईल तो सरळ न्या, वळणापाशी काजळी साचते. पत्र्याची असेल तर वाशांपासून हातभर लांब ठेवा, आढ्याच्या दोनेक फूट वर काढा आणि टोपी घाला. पातळ पत्रा खाऱ्या हवेत टिकत नाही, इथे पैसे वाचवू नका.

चुलीला दोष देणं

चूल धुमसली की आधी लाकूड बघा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं, मग जाळाचा चांगलाच वाटा ते पाणी उडवण्यातच जातो. फेब्रुवारीत फोडा, मेअखेरपर्यंत उन्हात ठेवा, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत आत घ्या. दोन फाटी एकमेकांवर आपटा: खण्ण वाजली तर सुकी, थप्प वाजली तर ओली. ढीगभर फाटी एकदम कोंबू नका आणि राख वेळेवर काढा, वारा खेळला पाहिजे. पेटवायला माडाची सुकी सोडणं, म्हणजे नारळावरची सालं, उत्तम. काजूची टरफलं मात्र स्वयंपाकाच्या चुलीत नकोत. त्यांच्यातलं तेल जळताना धूर डोळ्यांना आणि घशाला असा झोंबतो की घरातला अर्धामुर्धा होकारही जाईल.

झडीच्या दिवसांत पाऊस आत येतो म्हणून पडवी सगळीकडून बंद करायचा मोह होतो. तसं करू नका. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. आम्ही पश्चिमेची बाजू माडाच्या विणलेल्या झापांनी झाकतो, पूर्वेची उघडीच ठेवतो.