'ऐच्छिक' परीक्षा सोडू नका : अमेरिकेतल्या जेझुइट शाळेतली माझी चार वर्षं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या) शाळेत मी नववी ते बारावी केली. फक्त मुलग्यांची, कॉलेज प्रिपरेटरी, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणारी. शाळेचं नाव देत नाही. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मी सातवीत होतो. बाबा कॅम्पातल्या सेंट व्हिन्सेंट्सचे विद्यार्थी. ती 1867 सालची, जेझुइटांचीच. त्यामुळे "फादर लोकांची शाळा कशी असते ते मला ठाऊक आहे," असं म्हणून त्यांनी डोळे मिटून फॉर्म भरला. शिस्त, टाय, भरपूर वाचन, खेळाचं वेड, हे सगळं त्यांनी सांगितलं तसंच निघालं. जे वेगळं होतं त्याची त्यांना कल्पना नव्हती, आणि त्याची किंमत मी दोन वर्षं मोजली.

प्रवेशपरीक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. बऱ्याच कॅथलिक शाळा एचएसपीटी (हायस्कूल प्लेसमेंट टेस्ट) घेतात. पाच विभाग, 298 प्रश्न, अडीच तासांच्या आत. व्हर्बलमध्ये 60 प्रश्नांना 16 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 16 सेकंद. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा उत्तरपत्रिकेतला एकही गोल रिकामा सोडू नका. यासाठी महागडे क्लास लावावेत असं मला अजिबात वाटत नाही. एक सरावाचं पुस्तक आणि समोर घड्याळ, एवढं पुरतं. क्लासवाले घाबरवतात, कारण त्यांचं पोट त्यावर आहे.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

मार्चमध्ये प्रवेश पक्का झाला. पेढे वाटले. एप्रिलमध्ये शाळेची ईमेल आली : मे महिन्यातल्या एका शनिवारी गणिताची प्लेसमेंट परीक्षा (कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी) आहे, ऐच्छिक. बाबा म्हणाले, "ऐच्छिक आहे ना? मग कशाला?" पुण्यात ऐच्छिक म्हणजे ज्याचे गुण टक्केवारीत धरत नाहीत ते. मीही गेलो नाही.

त्या एका शब्दाने काय केलं ते नीट समजून घ्या. इथे सगळ्या वर्गाला एकच गणित नसतं. पायऱ्या असतात : अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि मग एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलस. पायऱ्या पाच, वर्षं चार. नववीत अल्जेब्रा वनला बसवलं, की बारावीत प्रीकॅल्क्युलसवर गाडी थांबते. कॅल्क्युलस राहूनच जातं. आणि आधीची पायरी लागते म्हणून फिजिक्सचा वरचा वर्गही हातचा जाऊ शकतो. त्या शनिवारी जी मुलं गेली आणि पास झाली, ती थेट जॉमेट्रीत बसली. मला ते सगळं येत होतं. बीजगणिताची समीकरणं मी पुण्यातच सोडवत होतो. पण येतं हे दाखवायची जागा ती एकच होती, आणि तिथे माझी खुर्ची रिकामी होती.

मला हे कळलं ते नववीच्या ऑक्टोबरमध्ये. शेजारचा मुलगा कोणत्या वर्गात जातो ते पाहून. तोपर्यंत वर्ग बदलायची मुदत संपली होती.

तसंच वेळापत्रकात विषयापुढे 'सीपी' दिसलं, तर ते कॉलेज प्रेप. शाळेच्या नावातही तेच शब्द असल्यामुळे आम्हाला ती मोठी गोष्ट वाटली. ती नेहमीची पातळी. तिच्यावर ऑनर्स, त्यावर एपी.

पण वाट बंद होत नाही, हेही तितक्याच खात्रीने सांगतो. दहावीत मी जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू एकाच वर्षी घेतले. त्यासाठी बँड सोडावा लागला, ते अजून लागतं. पहिल्या सत्रात जॉमेट्रीत सी मिळाला. रडलो. मग गणिताचे एक वयस्कर शिक्षक सकाळी सात वाजता वर्ग उघडून बसायचे, तिथे जाऊ लागलो. बारावीत कॅल्क्युलसला पोहोचलो. नव्या मुलाला सल्ला देणाऱ्या वरच्या वर्गातल्या 'बिग ब्रदर'पेक्षा असा एक शिक्षक धरा. दादा लोक प्रेमाने सांगतात, पण ते स्वतःचं वेळापत्रक सांगतात, तुमचं नाही.

आईची काळजी वेगळी होती : धर्माचं काय? थिऑलॉजी, म्हणजे धर्माचा विषय, चारही वर्षं सक्तीची, आणि तिचे ग्रेड जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरले जातात, म्हणून हलक्यात घेऊ नका. मिस्साला (कॅथलिक उपासनेला) सगळे बसतात. त्यातल्या कम्युनियनच्या (प्रसादाच्या) वेळी कॅथलिक नसलेली मुलं छातीवर हात दुमडून फक्त आशीर्वाद घेतात किंवा जागेवरच थांबतात. मला कोणी कधी अडवलं नाही. पेपराच्या डोक्यावर ए.एम.डी.जी. लिहितात, 'देवाच्या अधिक गौरवासाठी'. आजी वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहायला लावायची, त्यामुळे मला ते परकं वाटलंच नाही. मात्र सगळ्या शाळांचा नियम एक नाही. न्यूयॉर्कची रीजिस (1914) फी घेत नाही, पण तिथे बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलांनाच प्रवेश आहे. अर्जाआधी एवढं पाहून घ्या.

समाजसेवेचे जे तास भरावे लागतात ते बारावीवर ढकलू नका, आणि आधी मंजुरी घ्या. मंडळाच्या गणपतीत खुर्च्या लावल्याचे माझे तास धरले नाहीत. गरजू माणसाबरोबर थेट काम हवं होतं. तेव्हा राग आला. नंतर वृद्धाश्रमात जेवण वाढायला जाऊ लागलो, तेव्हा जेझुइटांचे त्या वेळचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी 1973 मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियातल्या भाषणात 'इतरांसाठी जगणारी माणसं' असं का म्हटलं ते कळलं.

ओपन हाउसला (प्रवेशाआधी शाळा पाहायच्या दिवशी) गेलात की इमारत आणि फुटबॉलचं मैदान नंतर बघा. आधी विचारा : गणिताची प्लेसमेंट कधी, पुन्हा देता येते का, उन्हाळ्यात बाहेर केलेला कोर्स धरता का, आणि धरत असाल तर आधी कोणाची सही लागते. उत्तर ईमेलवर मागा.

शेवटचं फक्त पालकांसाठी. अकरावी-बारावीत कैरॉस नावाचं चार दिवसांचं रिट्रीट (आत्मचिंतनाचं शिबिर) असतं. त्याआधी शाळेकडून तुम्हाला एक निरोप येईल. तो मुलाला दाखवू नका, आणि त्यात जे लिहून मागतील ते मराठीत लिहा. माझ्या आईने लिहिलेलं पान अजून माझ्या पाकिटात आहे.