बार्डसीच्या होडीसाठी दोन दिवस राखून ठेवा

उत्तर वेल्समधली यात्रेची वाट होलीवेलजवळच्या बेसिंगवर्क मठापासून ॲबरडॅरन या किनाऱ्यावरच्या गावापर्यंत सुमारे 210 किलोमीटर आहे. एवढं चालून आल्यावर यात्रेचं शेवटचं ठिकाण, म्हणजे समोरचं बार्डसी बेट, अगदी टप्प्यात असतं, पण वारा आणि समुद्राची ओढ जोरात असली की होडी सुटतच नाही. आम्ही परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवशीचं काढलं होतं. बेट किनाऱ्यावरूनच पाहून परत फिरलो, त्याची रुखरुख अजून आहे.

म्हणून असं करा:

1. ॲबरडॅरनला पोचल्यावर पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा. त्यासाठी वाटेत एखादा मुक्काम कमी झाला तरी चालेल.
2. होडी पहिल्या मोकळ्या दिवसाची ठरवा. रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी राहतो.
3. आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला फोन करा. होडी गावातून नाही, पोर्थ मायदवीच्या चिंचोळ्या खाडीतून सुटते. चालत अर्धा-पाऊण तास धरा.
4. परतीची रेल्वे पुलहेलीहून आहे, तिथवर बसने जायचं. तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.

एक मात्र सांभाळा: हवा फिरली तर बेटावरच अडकायला होतं. औषधं, खाणं आणि एक जादा गरम कपडा पाठीवरच्या पिशवीत असू द्या.