परदेशात फूड टूर घ्यायची, पण कधी?

बरेच जण फूड टूर, म्हणजे गाईडबरोबर फिरत ठिकठिकाणचे स्थानिक पदार्थ चाखण्याची फेरी, सहलीच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात. स्थळं पाहून झाली, खरेदी उरकली, आता निवांत खाऊया, असा हिशोब असतो. माझं मत नेमकं उलटं आहे. गाईडबरोबरचे ते तीन-चार तास सुरुवातीलाच घेतले, तर पुढचं प्रत्येक जेवण सोपं होतं. पैसे आधी द्यायचे की खाऊन झाल्यावर, रांग कुठे लावायची, हे एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही बिनधास्त एकटे जाता. पोर्तुगालमध्ये न मागता टेबलावर आलेला पाव आणि ऑलिव्ह खाल्ले की ते बिलात लागतात; अशा गोष्टी पहिल्या दिवशीच कळलेल्या बऱ्या.

आधी टूरची गरज आहे का ते पाहा

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉल्समध्ये, बहुतेक ठिकाणी इंग्रजी पाट्या, पदार्थांचे फोटो आणि किमती समोरच असतात. तिथली ही खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, पण ती अनुभवायला गाईड लागतोच असं नाही. टोकियोतल्या गल्लीबोळातल्या इझाकायात, म्हणजे खाण्यापिण्याच्या छोट्या जपानी बारमध्ये, मात्र मेनू अनेकदा हातानं लिहिलेला आणि फक्त जपानीत असतो. जिथे वाचता येत नाही आणि विचारताही येत नाही, तिथे टूरवरचा खर्च सार्थकी लागतो.

पथ्य असेल तर टूर घ्याच

शाकाहारी लोकांनी आणि अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. थायलंडमध्ये नुसत्या भाज्या दिसणाऱ्या पदार्थातही माशांचा सॉस असू शकतो. जपानमध्ये साध्या मिसो सूपचा आधार असलेलं दाशी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशापासून बनतं. डोळ्यांना हे दिसत नाही. जाणकार माणूसच सांगू शकतो.

बुकिंग करताना ‘मी शाकाहारी आहे’ एवढंच लिहू नका, कारण त्याचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा लावतात. मासे, माशांचा सॉस, मांसाचं स्टॉक, अंडी, यांतलं काय चालत नाही ते एकेक करून लिहा. मग विचारा: प्रत्येक थांब्यावर मला पर्यायी पदार्थ मिळेल, की काही थांबे नुसते बघायचे? ‘काहीतरी व्यवस्था करू’ असं मोघम उत्तर आलं, तर पैसे भरू नका. अ‍ॅलर्जी गंभीर असेल तर उत्तर लेखीच घ्या.

दिवस आणि वेळ

विमानातून उतरल्या दिवशी नको, दुसरा दिवस उत्तम. पश्चिमेकडे प्रवास केला असेल तर पहाटेच जाग येते आणि संध्याकाळी डोळे मिटायला लागतात, म्हणून सकाळची बाजार-टूर निवडा. पूर्वेकडे गेलात तर सकाळी उठवत नाही, तेव्हा संध्याकाळची बरी.

बाजाराची सुट्टी तपासायला विसरू नका. बार्सिलोनाची बोकेरिया मंडई रविवारी बंद असते. टोकियोतल्या त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलला. त्याच्या भोवतीचा बाहेरचा बाजार जुन्या जागीच आहे, पण तिथली बरीच दुकानं रविवारी उघडत नाहीत, काही बुधवारीही नाही.

टूरच्या दिवशी

आठ-दहा जणांपेक्षा मोठा गट टाळा. छोट्या दुकानात एवढी माणसं मावत नाहीत आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. त्याआधीचं जेवण हलकं ठेवा. पहिल्या दोन थांब्यांवर चवीपुरतंच खा.

निघताना गाईडला विचारा की घरच्यांबरोबर बाहेर जेवायचं असेल तेव्हा तो स्वतः कुठे जातो. दोन-तीन नावं आणि तिथे मागवायचे पदार्थ त्याच्याकडून तिथल्याच लिपीत लिहून घ्या, आणि तुमचं पथ्यही. पुढच्या हॉटेलात तो कागद थेट वेटरला दाखवता येतो.