रात्री तीन वाजता, एका हाताने: बाळाच्या नोंदींचं वेब पान कसं बनवावं

माझी लेक आज अकरा आठवड्यांची आहे. बारा वर्षं मी वेबसाइट बनवतोय, आणि त्यातही सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, मला सगळ्यात जवळची. पहिल्या चार दिवसांत लेकीचं वजन जन्माच्या वजनापेक्षा सात-आठ टक्क्यांनी उतरलं. बऱ्याच बाळांचं असं होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. पण जाता जाता त्यांनी विचारलं, "काल दिवसभरात किती लंगोट ओले झाले?" मी म्हणालो पाच, बायको म्हणाली सात. दोघांनाही आपापल्या आकड्याची पक्की खात्री होती.

त्याच रात्री मी नोंदीसाठी एक छोटं पान लिहायला घेतलं. पुढच्या तीन आठवड्यांत ते दोनदा मोडलं आणि पुन्हा लिहिलं. तुमच्याकडे बाळ येणार असेल आणि एचटीएमएल, सीएसएस, थोडं जावास्क्रिप्ट येत असेल, तर दोन संध्याकाळी पुरतील. त्या संध्याकाळी बाळ येण्याआधीच्या असाव्यात.

काय नोंदवायचं

नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं. त्यात प्रत्येक वेळची शी-शू धरली तर दिवसाला पंचवीस-तीस नोंदी सहज होतात. माझ्या पहिल्या पानावर नऊ रकाने होते: झोप, मूड, ढेकर कधी आली, रडणं किती वेळ चाललं. दुसऱ्या रात्रीच त्यातले पाच रिकामे राहिले. मग चारच बटणं ठेवली: दूध, शू, शी आणि थेंब. दूध दाबलं की डावी-उजवी विचारतं, कारण पुढच्या वेळी कुठल्या बाजूने सुरू करायचं हे बायकोला आठवत नाही. डॉक्टर जे विचारणार नाहीत आणि ज्यावरून आपण काही वेगळं करणार नाही, त्या गोष्टीला बटण देऊ नका.

"थेंब" म्हणजे डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब, दिवसातून एकदाच द्यायचे. हे बटण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण चूक होते ती दोघांपैकी एकाने दिले आहेत हे दुसऱ्याला माहीत नसताना. एकदा दाबलं की ते बटण "आज दिले, सकाळी ९.१०" असं दाखवतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहतं. बंद बटण फिकट करायची आपल्याला सवय असते. इथे तसं करू नका. ते वाचता यायलाच हवं, त्याचं कामच ते आहे.

नोंदी कुठे ठेवायच्या

पहिल्या पानाला मी सर्व्हर, खातं, पासवर्ड असं सगळं जोडलं होतं, कारण कामावर तेच करतो. तिसऱ्या रात्री सव्वातीनला लॉगिनची मुदत संपली आणि पानाने पासवर्ड मागितला. बायकोने फोन बाजूला ठेवला आणि हाताशी असलेल्या कागदावर लिहिलं: "दू ३.१५ डा". सकाळी तो कागद पाहिला आणि अख्खं पान पुसून नव्याने सुरू केलं. कृती, वेळ, बाजू. एका नोंदीत याहून जास्त काही लागत नाही.

आता नोंदींसाठी सर्व्हरच नाही. कपाटात पडलेला एक जुना फोन लंगोट बदलायच्या जागेजवळ ठेवलाय. चार्जरची वायर बाळाच्या पाळण्यापासून लांब आहे. नोंदी त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये, लोकल स्टोरेज या त्याच्या स्वतःच्या साठ्यात राहतात. लोकल स्टोरेज फक्त मजकूर साठवतं आणि एका साइटला साधारण पाच एमबी जागा देतं. एक नोंद जेमतेम पन्नास-साठ अक्षरांची, म्हणजे काही वर्षांची सोय झाली. दोन फोनांवरच्या नोंदी जुळवत बसण्याचा प्रश्नही आपोआप सुटतो. शिवाय, माझ्या मुलीच्या शरीराची पहिली माहिती कुठल्याशा डेटाबेसमध्ये जाऊन बसावी हे मला मनापासून नको होतं.

दोन गोष्टी सांभाळा. सर्व्हिस वर्कर, म्हणजे पानाची प्रत फोनमध्येच जपणारं छोटं जावास्क्रिप्ट, लावा, म्हणजे नेट नसतानाही पान उघडेल. त्यासाठी पान एचटीटीपीएसवरच, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या पत्त्यावरच, असावं लागतं. आणि पान होम स्क्रीनवर जोडून ठेवा. आयफोनचा सफारी ब्राउझर वापरात नसलेल्या साइटने साठवलेला मजकूर सात दिवसांनी पुसून टाकतो, होम स्क्रीनवर जोडलेल्या पानाला तो नियम लागत नाही. तरीही आठवड्यातून एकदा सगळ्या नोंदी फाइलमध्ये उतरवून घ्या.

अंधारातलं सीएसएस

इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तुम्हीही तो द्यावा असं मला वाटतं.

आधी बटणं. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२मध्ये (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे निकष) स्पर्शाच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत, ॲपल ४४ पॉइंट म्हणतं, अँड्रॉइड ४८. पण अर्धवट झोपेतला अंगठा पडद्याकडे न बघताच खाली येतो. मी प्रत्येक बटणाची उंची ९६ पिक्सेल ठेवलीय आणि रुंदी पूर्ण. आधी बटणं खाली उजव्या कोपऱ्यात होती, माझ्या उजव्या अंगठ्यापाशी. पण बाळ उजव्या बाजूला असलं की बायकोच्या हाताशी फोन असतो तो डावीकडून, आणि तिचा अंगठा तिथवर पोचतच नव्हता. पूर्ण रुंदीच्या बटणाला डावं-उजवं नसतं. ग्रिडचा (सीएसएसच्या ओळी-रकान्यांच्या मांडणीचा) एकच रकाना करा, सगळं तळाशी ढकला, आणि शू व शी यांच्यात किमान १६ पिक्सेलची मोकळी जागा सोडा.

तळाशी ढकलताना पानाची उंची १०० व्हीएच (म्हणजे पडद्याची पूर्ण उंची) देऊ नका. फोनच्या ब्राउझरचा पत्त्याचा पट्टा दिसतो-लपतो, व्हीएच त्याची दखल घेत नाही आणि शेवटचं बटण अर्धं कापलं जातं. त्याजागी त्या पट्ट्यानुसार बदलणारं डीव्हीएच हे एकक वापरा, २०२२च्या अखेरीपासून ते सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतं. खालच्या गोल कडांसाठी सेफ एरिया इनसेटचं पॅडिंगही, म्हणजे कडेला मोकळी जागा, द्या.

मग रंग. पान उघडताना क्षणभर जो पांढरा झोत येतो, तो अंधाऱ्या खोलीत टॉर्चसारखा वाटतो. सीएसएसची फाइल येईपर्यंत ब्राउझर पांढराच पडदा दाखवतो, म्हणून पार्श्वभूमीचा गडद रंग एचटीएमएलच्या हेडमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या भागात, लिहा आणि कलर-स्कीम डार्क आहे हेही तिथेच सांगा. फोनच्या डार्क मोडनुसार रंग बदलणारी प्रिफर्स-कलर-स्कीम ही मीडिया क्वेरी (सीएसएसमधली अट) २०२०पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे आणि इतर कामात मी ती नेहमी वापरतो. या पानावर मात्र नाही. हा फोन झोपायच्या खोलीतच असतो, त्याला उजेडातलं रूप लागत नाही.

गडद म्हणजे ठार काळा आणि त्यावर पांढरीशुभ्र अक्षरं असंही करू नका. झोपाळू डोळ्यांना ती अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. माझी पार्श्वभूमी काळपट तपकिरी आहे आणि अक्षरं फिकट केशरी. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक, मात्र मोजून घ्या: साध्या मजकुरासाठी ४.५ला १ ही किमान पायरी आहे, मी ९च्या आसपास ठेवलाय. आणि बटणं फक्त रंगावरून ओळखायची वेळ आणू नका. मी शूला पिवळा आणि शीला तपकिरी रंग दिला होता. रात्री फोनचा पडदा आपोआप तांबूस होतो, तेव्हा दोन्ही सारखेच दिसले आणि एका रात्रीच्या नोंदी उलटसुलट झाल्या. आता ओळख पटते ती जागेवरून आणि मोठ्या अक्षरावरून.

अक्षरांबद्दल मराठीत काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण बहुतेक तयार स्टाइलशीट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. बटणावरच्या मजकुराला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जास्तीचं अंतर, देण्याची फॅशन आहे. देवनागरीत त्याने शिरोरेघ तुटते आणि "दूध"चे दोन तुकडे होतात, तेव्हा ते शून्यच ठेवा. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे १.२ची लाइन-हाइट (ओळीची उंची) अपुरी पडते, मी १.६ देतो. पानाची भाषा एमआर, म्हणजे मराठीचा कोड, अशी लिहा. तारीख-वेळ दाखवताना भाषेनुसार तारखा-आकडे मांडणाऱ्या ब्राउझरच्या इंटल सुविधेला तीच भाषा दिलीत तर आकडे थेट देवनागरीत येतात. अक्षरांचा आकार पिक्सेलमध्ये न देता रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षराच्या पटीत) द्या. बायको रात्री चष्मा लावत नाही, तिने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, आणि रेम तो आकार मानतो. हॉकोन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४मध्ये सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला, तेव्हाच त्यात लेखकाइतकाच वाचकालाही पानाच्या रूपात वाटा दिला होता. इतकी वर्षं मी लेखकाच्या बाजूने बसून हे वाचत होतो. या पानासाठी पहिल्यांदा वाचकाच्या बाजूला बसलो.

हालचाल सगळी काढून टाका. बटण दाबलं की उजेडाचं एक वर्तुळ पसरायचं. ते दिसलं की लेक दूध सोडून तिकडे मान वळवायची. नोंद झाली हे कळायला वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत "दूध, डावी, आत्ताच" एवढं पुरतं. फोन थरथरवून सांगण्याची सोय आयफोनच्या सफारीत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

वेळ मोजताना

दूध किती वेळ चाललं हे दाखवणारा काटा मी दर सेकंदाला एक वाढवत होतो. पडदा बंद झाला की ब्राउझर असे टायमर मंदावतो किंवा थांबवतो. चाळीस मिनिटांचं दूध पानावर अकरा मिनिटांचं झालं, आणि बाळ पुरेसं पीत नाही या काळजीत आम्ही एक अख्खी सकाळ घालवली. सुरुवातीची वेळ साठवा आणि दर वेळी आत्ताच्या वेळेतून ती वजा करा.

ओल्या लंगोटांची बेरीज मध्यरात्रीपासून नको, मागच्या चोवीस तासांची दाखवा. या घरात दिवस बाराला बदलत नाही. पाचव्या दिवसानंतर साधारण सहा किंवा जास्त ओले लंगोट अपेक्षित असतात, पण आकडा कमी झाला की लाल करायचा मोह टाळा. कमी दिसला तर डॉक्टरांना फोन करायचा, एवढं आपल्याला माहीत असतं. घाबरवायचं काम पानाने करू नये.

चूक झाली तर "नक्की का?" असं विचारणारी चौकट नको. झोपेत आपण "हो" दाबतोच. त्याऐवजी शेवटच्या नोंदीसमोर कायम "रद्द" ठेवा. आणि "१० मिनिटांपूर्वी" असं एक बटण द्याच. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे मांडीवरून आपला चेहरा. दूध पिताना ती तेच बघत असते. तेव्हा फोन हातात घ्यायचा नाही, नोंद नंतर. डोळे मिटायला लागले असतील तर नोंदीचं सोडाच, आधी बाळाला तिच्या पाळण्यात पाठीवर ठेवा. खुर्चीत किंवा सोफ्यावर तिला घेऊन झोप लागणं धोक्याचं आहे.

तपासणी

ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर हे पान तपासता येत नाही. साडेतीन किलोचं काहीतरी एका कुशीत धरा, खोलीतले दिवे बंद करा, फोनचा उजेड सगळ्यात कमी करा, चष्मा असेल तर काढून ठेवा. आता दहा नोंदी करा, पाच डाव्या हाताने, पाच उजव्या. मग हात बदलताना त्या ओझ्याचं डोकं सावरायला विसरलात का, तेही बघा. मी पहिल्या वेळी विसरलो होतो.

बटणं काढताना

गेल्या आठवड्यात लेकीचं वजन डॉक्टरांच्या तक्त्यावर छान वर गेलं आणि लंगोट मोजायची गरज उरली नाही. शू आणि शी ही बटणं मी काढली, तसं ग्रिडने दूध आणि थेंब एकमेकांना चिकटवले. त्या रात्री बायकोने दुधाच्या जागी थेंब दाबले. म्हणून आता काढलेल्या बटणांच्या जागा तशाच रिकाम्या ठेवल्यात, प्रत्येकी ९६ पिक्सेल. बटण काढताना जागाही काढून घेणारं डिस्प्ले नन वापरू नका, जागा राखून फक्त लपवणारं व्हिजिबिलिटी हिडन वापरा.