हेल्थकेअर सॉफ्टवेअर कन्सल्टंटचा इंटरव्ह्यू आहे? आधी डिस्चार्ज समजून घ्या

इंटरव्ह्यूचा कॉल आला की बहुतेक जण एचएल७, फायर (FHIR), डायकॉम असली, हॉस्पिटलची माहिती एका सिस्टममधून दुसरीत पाठवायच्या स्टँडर्डची नावं पाठ करायला बसतात. ती यायला हवीतच, पण समोर बसलेल्या माणसाला बघायचं असतं ते वेगळंच, की याला हॉस्पिटल कसं चालतं ते कळतं का. म्हणून माझं स्पष्ट मत, तयारीची सुरुवात लॅपटॉपवरून नको, पेशंटपासून करा.

एक पेशंट डोक्यात धरा आणि त्याच्या मागे मागे जा. इथे गोव्यात बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा म्हापशाला, मडगावला जिल्हा हॉस्पिटलात घरचं कोणाला तरी घेऊन आपण सगळेच कधी ना कधी गेलेलो असतो, ते आठवा. कुठल्या खिडकीवर नाव सांगितलं, तोच पत्ता परत किती ठिकाणी विचारला, रिपोर्ट डॉक्टरच्या स्क्रीनवर आपोआप आला की आपणच कागद घेऊन धावलो. नवीन जाऊन बघणार असाल तर बाहेरच्या बाकावर बसून बघा, कोणाचे पेपर वाचू नका आणि फोटो तर अजिबात काढू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्या डिस्चार्जला. डॉक्टर सकाळी राउंडला सांगतात घरी न्या, आणि पेशंट गाडीत बसतो चार वाजता, मधे काय होतं? डिस्चार्ज समरी ज्युनिअर डॉक्टर लिहिणार पण तो ऑपरेशन थिएटरात अडकलेला, नर्स उरलेली औषधं फार्मसीला परत पाठवणार, ती एंट्री होईपर्यंत फायनल बिल निघत नाही, बिल नाही तर टीपीएला (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीला) काय पाठवणार, आणि पाठवलं की तिकडून एक क्वेरी येते आणि नातेवाईक काउंटरवर भांडायला लागतात. हे सगळं क्रमाने सांगता आलं आणि वर म्हणालात की उद्या कोण घरी जाणार ते आदल्या संध्याकाळी सिस्टममध्ये मार्क करू, औषधं तेव्हाच परत घेऊ, समरीचा ड्राफ्ट अ‍ॅडमिशनपासूनच भरत नेऊ, तर समोरचा नक्की पुढे सरकून ऐकतो.

गोव्यातलं हॉस्पिटल क्लायंट असेल तर डीडीएसएसवाय, म्हणजे राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, माहीत हवी. २०१६ ला सुरू झालेली योजना, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त असली तर ४ लाखांपर्यंत कव्हर. खाजगी इन्शुरन्स आणि सरकारी योजना यांचे रेट, कागद, अप्रूव्हल वेगवेगळे, म्हणजे बिलिंगमध्ये दोन्ही वाटा वेगळ्या ठेवायला लागतात.

आणखी एक आपल्याकडचा प्रश्न, डुप्लिकेट पेशंट. एकाच माणसाचं आडनाव जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने आणि आधारवर वेगळंच, शिवाय एकाच गावात त्याच नावाचे नाईक किंवा फर्नांडिस आणखी चार. चुकून दोन वेगळ्या माणसांची रेकॉर्ड एक झाली तर एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाते, हे जिवावर बेतू शकतं. त्यामुळे फक्त नावावर मर्ज करायचं नाही, जन्मतारीख, मोबाईल, आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी, १४ आकडी असतो) असं सगळं जुळवायचं आणि शंका असेल तिथे माणसाने बघून ठरवायचं.

आता पाठ केलेली नावं या गोष्टीत बसवा म्हणजे विसरणार नाहीत. अ‍ॅडमिशन झालं की एचएल७ चा एडीटी मेसेज (पेशंट दाखल झाला, हलवला, घरी गेला ही खबर) लॅबला जातो, रिझल्ट ओआरयू या रिझल्टच्या मेसेजमधून परत येतो, एक्स-रे डायकॉममध्ये पॅक्सवर (इमेज साठवायची सिस्टम), निदानाला आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला), फायर मध्ये तोच रिझल्ट ऑब्झर्व्हेशन म्हणून. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ ला देशभर लागू झालं, त्यात पेशंटच्या संमतीशिवाय रेकॉर्ड शेअर होत नाही, आणि २०२३ चा डेटा प्रोटेक्शन कायदा, एवढं बोलता यायला पाहिजे.

डॉक्टर म्हणाले तुमच्या सॉफ्टवेअरमुळे माझा वेळ जातो, तर? हा प्रश्न बहुतेक येतोच. ट्रेनिंग देऊ म्हणून मोकळं होऊ नका. त्यांच्या ओपीडीत बाजूला बसून बघेन, एक प्रिस्क्रिप्शन लिहायला किती क्लिक लागतात ते मोजेन, नेहमीच्या औषधांचे सेट बनवून देईन, असं सांगा. पावसात लाइट नाहीतर नेट गेलं तर काय, याचंही उत्तर तयार ठेवा, छापलेले फॉर्म वॉर्डात कुठे असतात, नेट आल्यावर ते कोण एंटर करणार आणि कोण तपासणार.

कोकणी, मराठी, हिंदी, इंग्लिश चारही येत असतील तर सीव्हीत वरच लिहा, वॉर्डातल्या सिस्टरना त्यांच्या भाषेत शिकवणारा माणूस टीमला हवाच असतो.

पगाराचं शेवटी बोला. त्याआधी त्यांना विचारा, गो-लाइव्हनंतर, म्हणजे सिस्टम प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, साइटवर माणूस किती दिवस ठेवता आणि रात्री वॉर्डातून फोन आला तर कोण उचलतं. उत्तर गोलमोल आलं तर तो फोन तुम्हीच उचलणार असं धरून मग आकडा सांगा.