नवरा-बायकोचं जमत नसेल तर सांगली-साताऱ्यात आधी कुणाकडं जायचं

आपल्याकडं घरात बिनसलं की पहिला फोन मामाला जातो. मग रविवारी दोन्हीकडची पाच-सहा माणसं जमतात, चहापोहे होतात, पोरीला सांगतात जरा सहन कर, पोराला सांगतात जरा समजून घे, आणि संध्याकाळच्या एसटीनं सगळे आपापल्या गावाला. बैठकीला नावं ठेवत नाही, कधीकधी तिथंच मिटतंही. पण बैठकीतला प्रत्येक माणूस कुणाच्या तरी बाजूचा असतो आणि तिथं बोललेलं दुसऱ्या दिवशी गावभर झालेलं असतं. त्यापलीकडं बरंच काही आहे, त्यातलं बरंचसं फुकट आहे, फक्त कुठं आधी जायचं ते चुकलं की मिटणारं प्रकरण पण चिघळतं.

तर आधी एकच गोष्ट बघा, घरात भीती आहे का. भांडण नव्हे, भीती. म्हणजे मारहाण, धमकी, पैसे आणि मोबाईल काढून घेणं, माहेरी फोन करू न देणं, असलं काही. तसं असेल तर जोडीनं काउन्सेलिंगला अजिबात बसू नका, कुणी कितीही प्रेमानं सांगितलं तरी. तो शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना ती खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याचा हिशोब होतो. इथं थेट १८१ ही महिला हेल्पलाईन, अगदी अंगावर आलं तर ११२. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं काही दिवस राहायची सोय, दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशक हे एकाच ठिकाणाहून लावून देतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं तक्रार द्यायला घटस्फोट मागावा लागत नाही. आणि ज्या घरात नांदत होतीस तिथं राहायचा हक्क मागता येतो, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी. हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, म्हणून त्या बॅग भरून माहेरी येऊन बसतात.

आता पोलिसांचा भरोसा सेल. अर्ज दिला की समोरच्याला बोलावून घेतात, दोघांचं ऐकतात, तारखा देतात, त्यातून पुष्कळ जोडपी परत नांदायला लागतात हे खरंय. पोलिसांच्या आवारातच समुपदेशक बसवायची कल्पना आपल्या राज्यात जुनी आहे, टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबईत असा स्पेशल सेल सुरू केला होता. मारहाण असेल तर बिनधास्त जा. पण नुसतं पटत नाही, अबोला आहे, सासूशी वाजतं एवढंच असेल तर माझं मत, पहिल्यांदाच तिथं जाऊ नका. एकदा नवऱ्याच्या घरी पोलिसांचा फोन गेला की पुढचं प्रत्येक बोलणं वकिलाला विचारून होतं.

भीती नाही पण जीव नकोसा झालाय, अशांसाठी सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे १४४१६, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. घरात बोलायची सोय नसेल तर गच्चीवरून करा, रानातून करा. समोर बसून बोलायचं तर सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं सिव्हिल, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, इथली मानसोपचार ओपीडी. वेड्याच्या डॉक्टरकडं कशाला जायचं असं घरचे म्हणणारच. त्यांना सांगा झोप लागत नाही म्हणून चाललोय, आणि ते खोटंही नसतं बहुतेक वेळा.

प्रायव्हेटमध्ये जाणार असाल तर नीट बघून घ्या, कारण काउन्सेलर असा बोर्ड कोणीही लावतं, दोन दिवसांचं वर्कशॉप केलेला पण लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असतील तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, लाजायचं नाही. सोशल वर्कवाले समुपदेशक पण चांगले असतात, त्यांना विचारायचं की शिक्षण काय, जोडप्यांबरोबर किती काम केलंय, मी एकट्यानं सांगितलेलं जोडीदाराला सांगणार का, फी किती. या शेवटच्या दोनाचं उत्तर आधीच स्पष्ट करून घ्या, नाहीतर नंतर घोळ होतो. आणि पहिल्याच भेटीत ज्यानं ‘ताई, थोडं तुम्हीच ऍडजस्ट करा’ म्हटलं तिथं परत जाऊ नका, ते ऐकायला मामा होताच की.

जोडीदार येत नसेल तर एकट्यानं जा. लोक वर्षानुवर्षं ‘तो आला तर जाईन’ म्हणून थांबतात. एकानं आपली बोलायची पद्धत बदलली तरी घरातलं गणित थोडं हलतं.

यावर अभ्यास भरपूर झालाय. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना लॅबमध्ये बसवून वादाच्या विषयावर बोलायला लावलं, नाडीचे ठोके मोजले, व्हिडिओ घेतले आणि पुढं किती टिकतंय ते वर्षानुवर्षं बघितलं. भांडण होतं की नाही यापेक्षा ते कसं होतं यावर जास्त अवलंबून असतं असं त्यांना दिसलं. सगळ्यात वाईट काय, तर तुच्छता. डोळे फिरवणं, नक्कल करणं, ‘तुझ्या बापानं काय शिकवलंय’ हे असलं. आणखी एक, जोर जोरात वाजायला लागलं की निदान वीस मिनिटं थांबा, कारण अंग तापलेलं असताना समोरच्याचं काही डोक्यात शिरत नाही. पण थांबतोय आणि परत येतोय असं सांगून उठा, नुसतं गाडी काढून कट्ट्यावर जाऊ नका.

दुसरा एक प्रकार आपल्या भागात फार दिसतो. विटा-खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार कोइमतूरपर्यंत, साताऱ्याकडची मुंबईला माथाडीत नाहीतर मिलिटरीत, बायका-पोरं गावाकडं. संसार फोनवर. तो फोन कसा असतो बघा.

‘पोराची फी भरायचीय, आत्यांची गोळी संपली, आन तुम्ही दोन दिवस फोन उचलला नाही.’
‘बरं.’
‘बरं म्हणजे काय?’
‘भट्टी चालूय, ठेवतो.’

ती मागं लागते म्हणून तो पळतो, तो पळतो म्हणून ती आणखी मागं लागते, आणि दोघांनाही वाटतं सुरुवात समोरच्यानं केली. अभ्यासकांनी हा प्रकार ठिकठिकाणच्या जोडप्यांत बघितलाय, म्हणजे तुमचाच नवरा जगावेगळा नाही. यावर करायचं असं, पैशाचा आणि तक्रारीचा फोन वेगळा ठेवायचा, आठवड्यातून एकदा, वार आणि वेळ ठरवून. रोजच्या फोनवर जेवलात का, पोरगं काय म्हणालं, एवढंच. आणि बोलायला सुरुवात करताना ‘तुम्ही कधीच’ नको, ‘परवा फोन लागला नाही तेव्हा मला भ्या वाटलं’ असं नेमकं सांगा. सुरुवातीला नाटकी वाटतं, वाटू दे.

घरात दारू असेल तर मात्र आधी दारूचं बघा, नुसत्या संवादाच्या युक्त्यांनी काही होत नाही. साताऱ्यात परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. तो तयार नसला तरी बायकोनं किंवा आईनं जाऊन बोलायचं, कारण घरच्यांनी काय करायचं आणि काय बंद करायचं हे पण शिकावं लागतं (उधारी फेडणं बंद करा, हे पहिलं).

कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टाच्या आवारात ऑफिस असतं, फोन १५१००. केस दाखल करायच्या आधी पण दोघांना बोलावून मध्यस्थी करून देतात. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. परस्पर संमतीनं वेगळं व्हायचं तर हिंदू विवाह कायद्यात वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, नंतरची सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टानं २०१७ ला तसं सांगितलंय. गावात अजून स्टॅम्प पेपरवर नोटरी करून सोडचिठ्ठी देतात, त्याला घटस्फोट समजून दुसरं लग्न लावाल तर फसाल.

म्हाताऱ्या आई-बापाला पोरं बघत नसतील तर हा सगळा रस्ताच वेगळा. २००७ च्या कायद्याखाली प्रांत ऑफिसमध्ये साधा अर्ज करायचा, पोटगी मागता येते. विचारायला १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे.

पहिल्या भेटीला जाताना वहीत तीन गोष्टी लिहून न्या: काय बिघडलंय, कधीपासून, आणि काय झालं तर तुम्हाला बरं वाटेल. तिसऱ्यापाशी बहुतेकांचं पेन अडतं. अडलं तर तसंच घेऊन जा, समुपदेशक तिथूनच सुरुवात करतात. पोरांना बरोबर नेऊ नका, आणि सासू-मेव्हण्याला बाहेरच्या बाकावर पण बसवू नका.